वन्सं, तुमच्यावरची माती

वन्सं, तुम्ही होतात तेव्हा घरात भांडणं व्हायची ती समजण्यासारखी होती. तुम्ही गेल्यावर तरी जरा शांतता होईल असं मला वाटलं होतं. पण तुमच्या कबरीवर ग्रॅनाईट बसवायचं की माती तशीच उघडी ठेवायची, यावरून तुमचे दादा आणि मी असे काही भांडलोय की शेजारच्या काकूंनी एकदा कुंपणावरून डोकावून विचारलं, "समदं ठीक हाय न्हवं?" जाता जाता काडी टाकून गेलात तुम्ही.

पाळकसाहेबांनी आपल्या चर्चच्या मंडळीच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलंय. जन्म कुठला, पलूसच्या शाळेत गणित किती वर्षं शिकवलं, निवृत्त होऊन साताऱ्याला भावाकडे कधी आलात, महिला मंडळात काय काय पदं भूषवली, असं सगळं त्यांना हवंय. ते मी सचिवांकडे सोपवलं, त्यांना तसल्या गोष्टींची आवड आहे. मी पडले तुमची भावजय. नणंदेबद्दल भावजयीनं गोड गोड लिहिलं तर वाचणाऱ्याला तसंही खरं वाटायचं नाही. म्हणून मी सरळ तुमच्याशीच बोलते. छापायचं तर छापोत, नाहीतर राहू देत.

हे सगळं सुरू झालं ते पावटे सोलताना. आपण दोघी परसात बसलो होतो, हे पेपर वाचत होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दादा, मी गेल्यावर माझ्यावर सिमेंट घालायचं न्हाई. फरशी न्हाई, टाइल्स न्हाई, काय न्हाई. नुसती माती."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "सकाळी सकाळी काय हे, एस्तेर?"

"सकाळी डोकं ताजं असतंय म्हणून सांगितलं."

ते उठून आत गेले. मी म्हटलं, वन्सं, निदान नाष्टा तरी होऊ द्यायचा. तुम्ही हसत सुटलात आणि सोललेल्या पावट्यांत सालं टाकलीत. मग ती निवडत बसले मी.

आपल्या मंडळीत पक्की कबर म्हणजे घराण्याची अब्रू, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. एकाने बांधकाम केलं की दुसऱ्याने टाइल्स लावायच्या, तिसऱ्याने काळा ग्रॅनाईट, चौथ्याने त्यावर सोनेरी अक्षरं. आता दफनभूमीत फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत चालत गेलं तर पायाला माती लागत नाही. पाऊस पडला की सगळं पाणी फाटकातून खालच्या रस्त्यावर जातं, आणि कडेच्या जुन्या विहिरीला मार्चमध्येच तळ दिसतो. लोक म्हणतात विहीर म्हातारी झाली. तुम्ही म्हणायच्या, "म्हातारी न्हाई झाली, उपाशी हाय."

ईस्टरच्या पहाटे आपण सगळे तिथं उपासनेला जातो. एका वर्षी गीत संपलं, पाळकसाहेब पुनरुत्थानावर बोलायला उभे राहिले, आणि तुम्ही माझ्या कानाशी आलात. "वैनी, एवढं सिमेंट. शेवटचा कर्णा वाजल्यावर ही माणसं उठणार कशी? हातोडा लागंल की ओ." मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. पुढे बसलेल्या बायकांना वाटलं मी सासूबाईंच्या आठवणीनं रडतेय. एकीनं तर पाठीवरून हात फिरवला. घरी आल्यावर मी तुमच्यावर चिडले, तर तुम्ही म्हणालात, "हसला न्हवं? रिकाम्या कबरीपाशी हसायचाच दिवस असतोय त्यो."

पण आपलं खरं भांडण कबरीचं नव्हतं, वन्सं. ते त्याच्या कितीतरी आधीचं. माझे वडील सांगलीकडे गावोगाव सायकलवरून फिरून प्रभूचं वचन सांगणारे सुवार्तिक. त्यांनी आम्हाला लहानपणापासून एक गोष्ट शिकवली: हे जग म्हणजे धर्मशाळा आहे. इथं मुक्काम रात्रीचा, घर वर आहे. ही पृथ्वी जाणार आणि देव नवी देणार. मी त्याच विश्वासावर वाढले, त्याच विश्वासावर माझ्या दोन्ही बाळंतपणांची भीती आणि ह्यांच्या सीमेवरच्या बदल्या काढल्या. आणि तुम्ही निवृत्त होऊन आलात ते गांडूळखताचं पोतं आणि पावसाचं पाणी साठवायचं पिंप घेऊन. मला वाटलं, बाईला देवापेक्षा माती मोठी झाली.

ते मी बोलूनही दाखवलं. "वन्सं, धर्मशाळेत कुणी झाडं लावत बसतं का?"

"लावू नका. पर धर्मशाळेत उतरलं म्हणून कुणी भिंतीवर थुंकतंय का? जाताना झाडून द्यावं लागतंय, वैनी."

"जी जाळून टाकायची आहे ती झाडून काय करायची?"

"जाळायची हाय असं मालकानं तुमाला सांगितलं काय? मला तर वाटतंय त्यो दुरुस्ती करणार हाय. सुताराच्या घरात वाढलाय त्यो. सुतार जुनं लाकूड टाकून देत न्हाई."

मी भाकरी करपल्याचं निमित्त करून उठले. भाकरी करपली नव्हती, हे तुम्हालाही वासावरून कळलंच असणार. आता बघा, तुम्ही गेल्यावर एक दिवस भांडी घासताना मला उत्तर सुचलं: वाळवी लागलेलं लाकूड सुतारसुद्धा चुलीतच घालतो. मी हातातलं पातेलं तसंच ठेवून तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार ढकललं आणि मग आठवलं. तिथंच उंबऱ्यावर बसून मी रडले, आणि रडता रडता मला चीडही येत होती. एवढं चांगलं उत्तर वाया गेलं.

तुमचं माती-पाण्याचं वेड पुराच्या वर्षी सुरू झालं, हे मला माहीत आहे. कृष्णेचं पाणी काठच्या गावांत शिरलं तेव्हा माणसं ट्रॅक्टरमधून तुमच्या शाळेत आणून उतरवली होती. जिथं तुम्ही त्रैराशिक शिकवायच्या त्याच वर्गात म्हशीचं रेडकू बांधलं होतं आणि फळ्याखाली बाळंतीण झोपली होती. पोरांच्या खिचडीच्या मोठ्या पातेल्यात तुम्ही सगळ्यांसाठी भात शिजवत होतात. त्याच आठवड्यात जतच्या तुमच्या मैत्रिणीचा फोन आला की तिच्या दारात पाण्याचा टँकर चार दिवस आलेला नाही. एकाच जिल्ह्यात इकडे बोट आणि तिकडे टँकर. गणिताच्या बाईला तो हिशेब जुळेना.

पाणी ओसरल्यावर तुम्ही चार दिवसांसाठी इकडे आलात. तेव्हाच्या पाळकांनी नोहाच्या पुरावर संदेश दिला, शेवटच्या काळाची लक्षणं सांगितली, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर चहाच्या वेळी तुम्ही त्यांना गाठलंत. "पाळकसायेब, देवानं नोहाला शब्द दिला हुता न्हवं, असा पूर परत आणणार न्हाई म्हणून? आभाळात धनुष्य ठिवलं त्यासाठी."

"हो, अर्थात."

"देव शब्द मोडत न्हाई."

"नाही, नाही."

"मग ह्यो कुणी आणला?"

पाळकसाहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं ते बाहेर काढायलाच विसरले. शेवटी मीच मध्ये पडले आणि म्हणाले, वन्सं, देवानं सगळी पृथ्वी बुडवणार नाही म्हणून शब्द दिला होता, पलूस तालुक्याचं नाव घेतलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि खो खो हसलात. "वैनी, तुमी वकील व्हायला पायजे हुता." पण घरी परत येताना रिक्षात तुमचं हसू मावळलं. नदीच्या पात्रात भराव घालून माणसांनी काय काय बांधलंय ते आठवत होतात, असं नंतर म्हणालात. मी त्या दिवशी पहिल्यांदा तुमचा हात हातात घेतला. भावजयीनं असं करायची आपल्यात पद्धत नाही.

महिला मंडळात तुमची प्रार्थना म्हणजे एक करमणूकच असायची, रागावू नका. बाकीच्या जणी आजाऱ्यांसाठी, नोकऱ्यांसाठी, लग्नांसाठी मागायच्या. तुमची पाळी आली की विहिरी, मधमाश्या, चिमण्या, आणि एकदा तर चक्क गांडुळं. "प्रभू, जमिनीतल्या तुझ्या त्या मुक्या नांगऱ्यांना सांभाळ." डोळे मिटलेल्या ओळीत खुसखुस सुरू झाली. आमेन झाल्यावर एकीनं विचारलं, "बाई, गांडुळाला काय कळतंय?" तुम्ही म्हणालात, "त्येला त्येचं काम कळतंय. देवाला आपल्यालाच सांगावं लागलं, बाग राखा म्हणून, आन तरी कळलं न्हाई." तेव्हा मीही हसणाऱ्यांतच होते. हल्ली कुदळीनं खणताना एखादं गांडूळ तुटलं तर माझ्या तोंडून चुकचुक निघते.

आणि ताटांचा तो गोंधळ. तो तर मंडळीच्या इतिहासात लिहायला हवा. हंगामाच्या सणाला लोक पहिलं धान्य, ऊस, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात, लिलाव होतो आणि मग प्रीतिभोजन. दर वर्षी जेवणानंतर मागच्या आवारात थर्मोकोलच्या ताटांचा ढीग पडायचा आणि संध्याकाळी कुणीतरी तो पेटवून द्यायचा. देवाला पहिलं फळ द्यायचं आणि वर त्यालाच तो काळा धूर द्यायचा, हे तुम्हाला सहन होईना. तुम्ही सभेत उभं राहून सांगितलंत की यंदा प्रत्येकानं घरून ताट-वाटी आणायची. कुरकुर झाली, पण तुमच्यापुढे कुणाचं चाललंय. सगळ्यांनी आणली. जेवणंही छान झाली. मग बायकांनी हौसेनं सगळी ताटं एकत्र घासली आणि तिथंच घोळ झाला.

आपल्याकडे प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं. पण ते नाव मालकाचं थोडंच असतं. कुणाच्या लग्नात कुणी आहेर केलेलं, कुणाच्या बारशाचं, कुणाच्या आजोबांच्या स्मरणार्थ वाटलेलं. एकाच लग्नाची ताटं मंडळीतल्या निम्म्या घरांत. कुणाचं कुठलं ते ओळखायचं कसं? शेवटी ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन लोक घरी गेले. पुढे नाताळपर्यंत माणसं पिशवीत ताट घालून एकमेकांच्या दारात उभी. "आमचं कडेला जरा चेपलेलं हुतं, तुमच्याकडं आलंय का?" आत या, बसा, चहा घ्या. ज्या दोन भावांत जमिनीवरून अबोला होता त्यांच्यातलाही एक जण वाटी परत द्यायला दुसऱ्याकडे गेला आणि जेवूनच आला. पाळकसाहेब म्हणाले, मी इतकी वर्षं घरभेटी करा म्हणून सांगतोय ते या बाईनं एका जेवणात करून दाखवलं. आपल्याकडे अजून एक परकं ताट आहे. मी ते मुद्दामच शोधून परत केलेलं नाही, कारण त्याची मालकीण येते तेव्हा गप्पा छान होतात.

असं सगळं चाललेलं असताना तुम्ही एका दुपारी जेवून पडलात त्या उठलाच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर. काही त्रास नाही, दवाखाना नाही. मी चहाला हाक मारायला आले, तर तुमचा चष्मा अजून डोळ्यांवरच होता. तो मी काढून ठेवला. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही.

मला एवढंच आठवत राहिलं की एकदा अंगणात झारी हातात घेऊन तुम्ही मला विचारलं होतं, "वैनी, दादांना तुमी सांगशीला न्हवं? त्या सिमेंटाचं?" आणि मी म्हटलं होतं, आधी कोण जातंय ते तर ठरू द्या. तुम्ही हसलात, मीही हसले. पण मी हो म्हटलं नव्हतं, वन्सं. त्यामुळे माझ्यावर बंधन काहीच नव्हतं, आणि म्हणूनच जास्त जड झालं.

कारण तुमच्या दादांनी दफनविधीच्या दुसऱ्याच आठवड्यात ग्रॅनाईट सांगून टाकलं. शिरवळकडे जाताना हायवेला दगडवाले आहेत, तिथून. काळाभोर, आरशासारखा. टेम्पोतून लादी उतरली तेव्हा मी विचारलं, "एस्तेरनं काय सांगितलं होतं, विसरलात?"

"विसरलो न्हाई."

"मग?"

"मग काय? तिला तशी उघड्यावर टाकू? ऊन-पावसात?"

वन्सं, सुभेदार माणूस तो. इतक्या वर्षांत त्याचा आवाज असा चिरलेला मी ऐकला नव्हता. तुमचे आई-वडील गेले तेव्हा दोन्ही वेळा हे फौजेत, वर सीमेवर बर्फात होते. रजा मिळून येईपर्यंत मातीसुद्धा सुकली होती. मग त्यांनी दोघांच्या कबरी बांधून घेतल्या, स्वतः उभं राहून, लेव्हल लावून. त्यांना तेवढंच करता आलं होतं. आता धाकट्या बहिणीच्या वेळी ते हजर होते, आणि हीच बहीण सांगून गेली होती की काही करू नका. मी त्यांना शास्त्र कुठलं सांगणार? माझं स्वतःचं शास्त्र तर ग्रॅनाईटच्या बाजूनंच होतं. जग जाणारच आहे, तर एका लादीनं काय बिघडतंय? तरी मी भांडले. का भांडले ते मलाच कळेना. तुमच्या बाजूनं बोलायला तुम्ही नव्हता, म्हणून असेल.

गवंड्यानं त्यात सुटका केली. तो म्हणाला, "सायेब, पाऊस पडून माती बसल्याबिगर काम धरता येत न्हाई. फरशी तडकती." म्हणून लादी परसात, तुमच्या खोलीच्या भिंतीला आडवी टेकवून ठेवली. आणि हे दर शनिवारी फावडं आणि पाटी घेऊन दफनभूमीत जायला लागले. पावसानं माती खचली की भर घालायची, हे त्यांनी अंगावर घेतलं.

एका शनिवारी मीही गेले. लांबूनच बघत उभी राहिले. ते तुमच्या कडेला मांडी घालून बसले होते आणि पाटीतल्या मातीतले खडे हातानं वेचून बाजूला टाकत होते. मऊ केलेली माती ओंजळीनं टाकायची आणि तळव्यानं हलकेच थोपटायची. काहीतरी बोलतही होते. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी पुढेही झाले नाही. दगडवाल्याकडून लादी आणताना ज्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता ते तिथं उघड रडत होते. बऱ्याच वेळानं उठले, मनगटानं तोंड पुसलं आणि मला बघून म्हणाले, "लय मऊ झालीया माती." बस, एवढंच.

पाऊस सरत आल्यावर गवंडी आला. आम्ही तिघं गेलो. तुमच्यावर तोवर हरळी आली होती, कडेनं एक तेरड्याचं रोपही उगवून फुललं होतं. कुणी लावलं नव्हतं. सगळ्या दफनभूमीत हिरवं म्हणून तेवढंच, आणि त्यावर दोन फुलपाखरं. विहिरीत वाकून बघितलं तर पाणी होतं, पण त्याचं श्रेय मी तुम्हाला इतक्यात देणार नाही. गवंड्यानं कडेची माती टाचेनं दाबून बघितली.

"बसलीया, सायेब. सोमवारी काम धरू."

हे वाकले, हरळीवरून हात फिरवला. "न्हाई बसली अजून."

"बसलीया की. ही बघा."

"मी म्हणतो न्हाई बसली. फुडच्या वर्षी बघू."

गवंडी माझ्याकडे बघायला लागला. मी तेरड्याकडे बघितलं. माझ्या लक्षात आलं की पुढच्या वर्षीही ती बसणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हार मानली असं सुभेदार तोंडानं म्हणणार नाहीत, आणि म्हणावं असा माझाही आग्रह नाही. लादी परसात आडवी पाडून तिच्यावर मी सध्या भुईमुगाच्या शेंगा वाळत घालते. छान तापते.

परवा रात्रीच्या प्रार्थनेनंतर मी ह्यांना सांगून टाकलं की माझ्या वेळी एस्तेरशेजारची जागा घ्या, आणि माझ्यावरही माती सोडून काही घालू नका. त्यांनी बायबल मिटून ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे शेवटी तिचंच पटलं तुला."

पटलं-बिटलं काही नाही, वन्सं. तसं वाटून घेऊ नका. आपलं भांडण अजून निम्मंच झालंय. दोघींच्या मध्ये सिमेंट आलं तर पुढचं बोलायचं कसं?